राजा असूनही पाय धुणारा: पवित्र आठवड्याच्या अभ्यासासाठी मदत हवी (सोलापूर)

तरुणसंघ_सोलापूर

सर्वांना सलाम. आमच्या तरुण संघाने यंदा पवित्र आठवड्यासाठी (ईस्टरच्या आधीचा आठवडा) 'ख्रिस्ताचे राजेपण' हा विषय घेतला आहे. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक, सोमवार ते बुधवार संध्याकाळी पाऊण तासाचा अभ्यास आणि गुरुवारी प्रभुभोजनाच्या उपासनेत पाय धुण्याचा विधी, म्हणजे येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. मुले निम्मी कॉलेजची, बाकीची टॉवेलच्या कारखान्यांत आणि दुकानांत कामाला. घरची भाषा कोणाची मराठी, कोणाची तेलुगू, कोणाची कन्नड.

अडचण अशी, की विषय ठरला की सगळे थेट बायबलातले फिलिप्पैकरांस २ (ख्रिस्ताने स्वतःला रिते केले, हे सांगणारा अध्याय) उघडतात, 'नम्र व्हा' म्हणतात आणि दहा मिनिटांत गाडी थांबते. मुलांचे प्रश्न वेगळेच असतात. राजाच नम्र झाला तर राज्य कोण चालवणार? येशूने मंदिरात चौरंग उलथले तेव्हा नम्रता कुठे गेली? आणि येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला, पण गाढवावर बसवणे हा आपल्याकडे मान आहे का धिंड?

गुरुवारच्या विधीवर दोन मते आहेत. काहींच्या मते पाळकसाहेबांनी १२ जणांचे पाय धुवावेत. काही वडीलधारे म्हणतात, मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) पाळकसाहेबांचे धुवावेत, कारण आपल्याकडे मोठ्यांचेच पाय धुतात. हा विधी आमच्याकडे पहिल्यांदाच होतो आहे. पाणी किती, माणसे कोण, वेळ किती, इथपासून सांगा.

---

शास्त्रपाठ_वही

सलाम. फिलिप्पैकरांस २ बुधवारच्या शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवा. तिथून सुरुवात केली की नम्रता म्हणजे हळू बोलणे, मान खाली घालणे असे काहीतरी होऊन बसते. शास्त्रात राजाची नम्रता मोजता येते: तो काय घेतो, किती घेतो आणि कोणाकडून घेतो, यावरून.

सोमवारी अनुवाद (जुन्या करारातले पुस्तक) १७:१४-२० घ्या. राजाला तिथे तीन बंद्या आहेत. घोडे फार वाढवायचे नाहीत आणि त्यासाठी लोकांना मिसरात (इजिप्तमध्ये) पाठवायचे नाही, बायका फार करायच्या नाहीत, सोनेरुपे फार साठवायचे नाही. आणि एक काम आहे: नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी उतरवून घ्यायची आणि जन्मभर वाचायची, म्हणजे भाऊबंदांपुढे त्याचे मन चढणार नाही. हे वाचून झाले की १ राजे १० आणि ११ उघडायला लावा आणि आकडे मुलांनाच शोधू द्या. वर्षाला ६६६ किक्कार (त्या काळचे मोठे वजन) सोने (१०:१४), १,४०० रथ आणि १२,००० स्वार (१०:२६), घोडे मिसरातून (१०:२८), ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी (११:३). तिन्ही बंद्या मोडल्या, आणि मोडणारा कोण, तर मंदिर बांधणारा शलमोन. राण्यांच्या आकड्यावर हशा पिकतो आणि तिथेच दहा मिनिटे जातात. शेजारच्या राजांशी सोयरीक म्हणजे तह, एवढे सांगून पुढे सरका.

त्याच दिवशी १ शमुवेल ८:११-१७ मोठ्याने वाचून घ्या. लोक राजा मागतात आणि संदेष्टा शमुवेल त्यांना आधीच हिशेब देतो: तो तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेते आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, चाकर आणि गाढवे घेईल. सोमवारचा धडा इथेच थांबवा. उपाय लगेच सांगायची घाई नको.

मंगळवारी १ राजे १२. शलमोनाचा मुलगा रहबाम शखेमात जातो. लोकांची मागणी एकच: बापाने लादलेले जड जू हलके कर. म्हातारे सल्लागार म्हणतात, आज या लोकांचा सेवक हो, गोड बोल, मग ते कायमचे तुझे सेवक होतील. बरोबरीचे सवंगडी म्हणतात, सांग त्यांना की माझी करंगळी बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे. रहबामाने सवंगड्यांचे ऐकले आणि इस्राएलाचे दहा वंश त्याला सोडून गेले. या पाठावर ऐकलेले बहुतेक उपदेश 'उद्धट बोलू नका' इथे संपतात, आणि ते अपुरे आहे. रागाचे मूळ वेठबिगारीत होते. म्हणून लोकांनी धोंडे मारले ते वेठीवरचा मुकादम अदोराम याला (१२:१८). शिवाय म्हाताऱ्यांचा सल्लाही निखळ नाही. आज सेवक, उद्यापासून मालक, असा त्यात हिशेब आहे. निवडणुकीआधीचा नमस्कार सोलापूरकरांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

त्याला जोडून यिर्मया २२:१३-१७. 'नम्र राजा राज्य कसे चालवणार' याचे उत्तर इथे आहे. यहूदाचा राजा यहोयाकीम शेजाऱ्याला फुकट राबवतो, मजुरी देत नाही, आणि गंधसरूचे तक्ते लावून, हिंगूळ (लाल रंग) फासून प्रशस्त वाडा बांधतो. त्याचा बाप योशीया खातपीत होता, उपाशी संन्यासी नव्हता. पण दीनदुबळ्यांचा न्याय करत होता. आणि देव म्हणतो, मला ओळखणे म्हणजे हेच ना? तेव्हा राज्य चालतेच. न्यायनिवाडा होतो, मजुरी वेळेवर मिळते, वाडा लहान राहतो. स्तोत्र ७२:१२-१४ जोडता येईल, वेळ उरला तर.

बुधवारी मार्क १०:३५-४५ आणि लूक २२:२४-२७. शिष्य याकोब आणि योहान येशूच्या गादीच्या उजव्या-डाव्या बाजूच्या जागा मागतात. बाकीचे दहा चिडतात, कारण त्यांनाही त्याच जागा हव्या असतात. लूकमध्ये तर 'मोठा कोण' हा वाद चक्क शेवटच्या भोजनाच्या वेळी होतो. येशू मोठेपणाची इच्छा रद्द करत नाही. मोठे व्हायचे असेल तर काय करायचे ते सांगतो, आणि स्वतःचे उदाहरण देतो. एवढे झाल्यावर फिलिप्पैकरांस २:६-८ वाचा, मग ते वचन हवेत तरंगत नाही.

---

होटगी_रोड

गाढवाच्या प्रश्नावर.

आपल्याकडे गाढवावरून धिंड काढतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा बेअब्रू येते. यहूदी ऐकणाऱ्याच्या मनात तसे येत नव्हते. शास्ते १०:४ मध्ये याईराचे ३० मुलगे ३० गाढवांवर बसत, तो प्रतिष्ठितांचा थाट आहे. शलमोनाला राज्याभिषेकासाठी नेले ते दावीदाच्या खेचरावरून (१ राजे १:३३). तेव्हा 'राजा असून गरिबाच्या जनावरावर बसला' ही उपदेशातली नेहमीची ओळ अर्धीच खरी. भेद आहे तो घोड्याशी. घोडा म्हणजे रथ, रथ म्हणजे लढाई. जखऱ्या ९:९ मध्ये लीन राजा शिंगरावर बसून येतो, आणि लोक तिथेच थांबतात. ९:१० वाचलेच पाहिजे. हा राजा एफ्राइमातले रथ आणि यरुशलेमातले घोडे काढून टाकतो, युद्धाचे धनुष्य मोडतो आणि राष्ट्रांशी शांतीचे बोलतो. अनुवाद १७ मधली घोड्यांची बंदी पाळणारा राजा शेवटी इथे भेटतो.

आणि शमुवेलच्या यादीतली गाढवे. राजा तुमची गाढवे घेईल, असे तो म्हणाला होता. आता मार्क ११:३ पाहा: प्रभूला याची गरज आहे, आणि तो ते लगेच इकडे परत पाठवील. हा राजा शिंगरू उसने मागतो आणि परत पाठवायचे आधीच कबूल करतो. रविवारच्या दहा मिनिटांच्या बोलण्याला एवढा एक मुद्दा पुरे.

मिरवणुकीत खरे गाढव आणायचा विचार असेल तर माझे मत: नको. आणायचेच असेल तर वीटभट्टीवर किंवा कुंभारांकडे मिळते, पण मालकाला सोबत येऊ द्या आणि दोरी त्याच्याच हातात राहू द्या. मोठ्या माणसाला बसवू नका. ताशा आणि फटाके दोन्ही बंद ठेवा, नाहीतर गर्दीत लाथा बसतील. सकाळी आठच्या आत आटोपा. मार्च-एप्रिलमध्ये इथले डांबर दहा वाजताच तापते. बादलीभर पाणी सोबत घ्या. झावळ्यांसाठी नारळाच्याच हव्यात असे नाही, ओढ्याकाठची शिंदी चालते, मात्र तिची टोके टोचतात. मुलांच्या हातात देण्याआधी शेंडे कात्रीने छाटा.

मंदिरातल्या प्रसंगाबद्दल. चौरंग उलथले ते सराफांचे, आणि बैठका उलथल्या त्या कबुतरे विकणाऱ्यांच्या (मार्क ११:१५). मंदिराचा कर सोर शहराच्या चांदीच्या नाण्यातच भरावा लागे, म्हणून नाणी बदलून देणारे सराफ. कबुतरे कोण घेई? लेवीय १२:८ पाहा: ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन होले किंवा कबुतरे आणावीत. लूक २:२४ मध्ये येशूच्या आईवडिलांनी हेच अर्पण दिले. म्हणजे गल्ला भरत होता तो गरिबाच्या अर्पणावर. दोऱ्यांचा कोरडा (चाबूक) फक्त योहान २:१५ मध्ये आहे, मेंढरे आणि गुरे हाकताना. उलथापालथ झाल्यावर लगेच मत्तय २१:१४ मध्ये आंधळे आणि लंगडे मंदिरात त्याच्याकडे येतात आणि तो त्यांना बरे करतो. नम्र राजा रागावतो. पण स्वतःच्या अपमानासाठी रागावत नाही. त्याच आठवड्यात त्याच्या तोंडावर थुंकले, तेव्हा तो गप्प होता.

---

पाट_परात

आता गुरुवार. आधी दिशा, मग बादल्या.

तुमच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आपल्या रीतीला धरून आहे, आणि म्हणूनच ते इथे चालणार नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचे आईवडील जावयाचे पाय धुतात, शिष्य गुरूची पाद्यपूजा करतो, धाकटा थोरल्याचे धुतो. पाणी नेहमी खालून वर जाते. जुन्या करारातही तसेच आहे. अबीगईल दावीदाला निरोप देते की मी तुमच्या चाकरांचे पाय धुणारी दासी व्हायला तयार आहे (१ शमुवेल २५:४१). योहान १३ मध्ये ही दिशा उलटली, आणि शिष्य पेत्र 'माझे पाय कधीही धुणार नाहीस' म्हणून अडला तो त्यामुळेच. मंडळीने पाळकांचे पाय धुतले तर ती साधी पाद्यपूजा झाली. त्यासाठी योहान १३ वाचायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट सुटते. धुऊन झाल्यावर येशू म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबर आहे (१३:१३). राजेपण सोडून तो खाली बसलेला नाही, राजेपण ठेवून बसला आहे. म्हणून पाळकांनी झगा काढून बाजूला ठेवावा, धुऊन झाल्यावर पुन्हा घालावा आणि मगच बोलावे. वचनात क्रम तसाच आहे: वस्त्रे काढली, टॉवेल कमरेला बांधला, पाणी ओतले, धुतले, पुसले, वस्त्रे घातली, मग शिकवले. शिकवण आधी आणि धुणे नंतर केले की धुणे नुसते प्रात्यक्षिक होते.

कोण धुणार: पाळक, आणि त्यांच्यासोबत कमिटीचे सेक्रेटरी किंवा खजिनदार यांपैकी एक. किल्ल्या आणि सह्या ज्यांच्या हातात आहेत ती माणसे. बायकांचे पाय महिला मंडळाच्या अध्यक्षांनी धुवावेत, म्हणजे संकोचाचा प्रश्न येत नाही. विधवा पवित्र जनांचे पाय धुत असत, हा उल्लेख १ तीमथ्य ५:१० मध्ये आहे, त्यामुळे कोणी शंका काढली तर दाखवा.

कोणाचे धुवायचे: १२ हा आकडा बंधनकारक नाही, पण सोयीचा आहे. देणगीदार नकोत. 'गरीब' म्हणून निवडून समोर बसवलेली माणसेही नकोत. तो उपकाराचा देखावा होतो, आणि ज्याला बसवले त्याला ते बरोबर कळते. सभासदांच्या यादीतून चिठ्ठ्या काढा, म्हणजे कोण येईल ते कोणाच्या हातात राहत नाही. चिठ्ठीत कमिटीशी भांडण असलेला कोणी निघाला तर बदलू नका. येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत बाहेर गेला तो १३:३० मध्ये, पाय धुऊन झाल्यावर.

निवडलेल्यांना चार दिवस आधी विचारा: मधुमेह आहे का, जखम, चिखल्या, खोल भेगा आहेत का? असल्यास त्यांना मोकळेपणी नाही म्हणू द्या. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, त्यामुळे गरम पाणी अजिबात नको.

पाणी: दोन्ही पायांना मिळून अर्धा ते पाऊण लिटर. १२ जणांना ९ लिटर, धुणाऱ्यांच्या हातांसाठी आणखी तीन. वीस लिटरची एक भरलेली बादली पुरते आणि उरते. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसते, म्हणून आदल्या दिवशीच भरून झाकून सावलीत ठेवा. गच्चीवरच्या टाकीतून ऐनवेळी काढू नका. संध्याकाळी सहालाही ते पाणी चटका देते. ओतायला लिटरभराचा तांब्या. खाली परात हवी, पंधरा इंचांपेक्षा लहान नको, नाहीतर दोन पाऊल मावत नाहीत आणि पाणी फरशीवर येते. दर तीन माणसांनंतर परात रिकाम्या बादलीत ओता. परातीखाली आणि समोर गोणपाट अंथरा. गुळगुळीत फरशीवर ओल्या पायाने उठणारे म्हातारे माणूस हमखास घसरते. उरलेले पाणी आवारातल्या झाडांना.

बसणे: ज्याचे पाय धुवायचे तो खुर्चीवर, धुणारा गुडघ्यांवर. गुडघ्याखाली सोलापुरी चादरीची चौपदरी घडी. गुडघे दुखत असतील तर बुटका पाट घ्या, पण समोरासमोर दोन खुर्च्या नकोत. उंची सारखी झाली की जे दाखवायचे तेच जाते.

टॉवेल: प्रत्येकाला वेगळा नॅपकिन, साधारण १६ बाय २४ इंच. कमरेला बांधायला ३० बाय ६० चा एक, मध्यम जाडीचा. फार जाड टेरी ओला झाला की जड होतो आणि कमरेवरून सुटतो.

वेळ: एका माणसामागे दोन मिनिटे. धुणारा एकच असेल तर २५ मिनिटे लागतात आणि लोक कंटाळतात. दोघे असतील तर तेरा-चौदा मिनिटांत होते. तेवढ्यात एक गीत पुरते. मोजे, बूट आधीच काढून ठेवायला सांगा, नाडीची गाठ सोडण्यात अख्खे कडवे जाते.

फुले, हळदकुंकू, पायावर डोके टेकणे यांतले काही नको. आणि धुऊन झाल्यावर लोक सवयीने वाकून पाळकांच्याच पाया पडतात. हे आधी समजावून सांगितले नाही तर १२ पैकी आठ तरी पडतील आणि दिशा पुन्हा उलटेल. फोटोग्राफर नको.

---

विजापूर_वेस

वरचे सगळे ठीक आहे, पण एक धोका कोणी मांडला नाही.

'सेवक व्हा' हे वचन मंडळीत कोणाला ऐकवले जाते ते पाहा. सुनेला, झाडूवाल्याला, पगार वाढवून मागणाऱ्या शिपायाला, प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला. मार्क १० मध्ये ते कोणाला सांगितले आहे? गादीच्या दोन्ही बाजूंच्या जागा मागणाऱ्यांना. फिलिप्पैकरांस २ मध्ये ज्याचे उदाहरण आहे तो देवाच्या बरोबरीचा होता. ज्याच्याकडे काही आहे तोच स्वतःला रिते करू शकतो. आधीच ज्याला रिते करून ठेवले आहे त्याला हे वचन ऐकवणे म्हणजे शमुवेलने सांगितलेल्या राजाचीच बाजू घेणे आहे.

महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमध्ये हे जपून बोलले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या-पणज्यांना दुसऱ्याच्या दारात वाकून उभे राहण्याची सक्ती होती. त्यांना नम्रता शिकवण्याची गरज नव्हती. त्यांना हवा होता तो न घेणारा राजा. शेतकरी आजही 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणतो ते याचसाठी, आणि महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिताना येशूला बळीराजाच्या मालिकेत बसवले तेही याच ओढीने. ही तुलना फार ताणू नये. बळीला वामनाने पाताळात दाबले, आणि आपली श्रद्धा पुनरुत्थानावर आहे. पण 'आम्हाला हा राजा का हवा' हे मराठी माणसाला त्यातून चटकन कळते.

बुधवारच्या अभ्यासात हा भाग घ्याच. मुलांना विचारा: आपल्या मंडळीत 'घोडे, बायका, सोने' म्हणजे काय? उत्तरे येतील: गाडी, नातेवाइकांची वर्णी, खात्यावरची एकट्याची सही. मग त्यांनाच उपाय सुचवू द्या. जमाखर्च वर्षातून एकदा घाईघाईने वाचण्याऐवजी दर तीन महिन्यांनी फळ्यावर लावणे, चेकवर दोन सह्या, कोणत्याही पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नाही, मंडळीची घटना प्रत्येक नव्या पदाधिकाऱ्याने पहिल्या सभेत स्वतः वाचून दाखवणे. हे शेवटचे सरळ अनुवाद १७:१८-१९ मधून आले आहे. कमिटीतले लोक अभ्यासाला बसलेले असतील तर हवा जरा गरम होईल. होऊ द्या.

---

जुनी_पाने

इतिहासातून थोडे, कारण 'हा सगळा देखावा' असे कोणी ना कोणी म्हणणारच, आणि ते निराधार नाही.

व्हिएन्नाच्या हॉफबर्ग राजवाड्यात सम्राट फ्रान्झ जोसेफ दर पवित्र गुरुवारी १२ म्हाताऱ्यांचे पाय धुत असे, दरबारी थाटात, पाहुण्यांच्या समोर. इंग्लंडच्या राजांचीही ही प्रथा होती. तिथे धुणे केव्हाच बंद पडले आणि नाणी राहिली: राजाच्या वयाइतके पुरुष आणि तितक्याच स्त्रिया यांना चांदीची १, २, ३ आणि ४ पेन्सची खास नाणी मिळतात. राजाने वर्षातून एक संध्याकाळ गुडघे टेकले म्हणून वर्षभराच्या करात काही फरक पडत नव्हता. रहबामाच्या म्हाताऱ्या सल्लागारांना ही प्रथा पसंत पडली असती.

याच्या उलट उदाहरण ३९० सालचे आहे. थेस्सलनीकात एक सेनाधिकारी दंग्यात मारला गेला म्हणून सम्राट थिओडोसियसने सूड घेतला आणि हजारोंची कत्तल झाली. मिलानचे बिशप अॅम्ब्रोज यांनी त्याला कळवले की पश्चात्ताप जाहीर केल्याशिवाय प्रभुभोजन मिळणार नाही. सम्राटाने राजवस्त्रे उतरवून चर्चमध्ये सर्वांसमोर प्रायश्चित्त घेतले. ही नम्रता जास्त खरी, कारण ती त्याच्या सोयीची नव्हती. बिशपनाही हा नियम लागू आहे हे पोप ग्रेगरी पहिला (५९०-६०४) जाणून होता. कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपने 'वैश्विक' ही पदवी लावली तेव्हा त्याने कडाडून हरकत घेतली आणि स्वतःसाठी 'देवाच्या सेवकांचा सेवक' हे बिरुद वापरले. पुढे तेच बिरुद ठरीव होऊन कागदांवर छापले जाऊ लागले, हा भाग वेगळा.

'ख्रिस्त राजा' हा सण मात्र नवा आहे. पोप पायस अकरावा याने तो ११ डिसेंबर १९२५ रोजी जाहीर केला. पहिल्या महायुद्धात युरोपातली मोठमोठी राजघराणी कोसळली होती आणि इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता. तेव्हाच्या हुकूमशहांसमोर 'राजा एकच' म्हणणे धाडसाचे होते. आधी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे, १९६९ च्या बदलानंतर आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या आठवड्यांच्या) आधीच्या रविवारी गेला. मुलांना विचारता येईल: हा सण सत्ताधाऱ्यांना 'राजा एकच' हे सांगण्यासाठी सुरू झाला, मग आपण त्या दिवशी फक्त सोनेरी मुकुटाची चित्रे का लावतो?

कॅथलिकांमध्ये पाय धुण्यासाठी पुरुषच निवडायचे असा नियम होता. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालसुधारगृहातल्या १२ तरुणांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या. नियम बदलला तो जानेवारी २०१६ मध्ये. आधी कृती, मग कायदा.

---

तरुणसंघ_सोलापूर

सर्वांचे आभार. सोमवार ते बुधवारचा क्रम ठरला, गाढव रद्द झाले. पाळकसाहेबांना पाद्यपूजेचा मुद्दा पटला आणि त्यांनीच वडीलधाऱ्यांशी बोलायचे कबूल केले आहे. दोन गोष्टी राहिल्या. तिन्ही भाषांच्या लोकांना एकत्र कसे घ्यायचे? आणि नॅपकिन नवे घ्यायचे का घरचे आणायचे?

---

होटगी_रोड

भाषेचे उत्तर योहान १९:१९-२० मध्येच आहे. रोमी सुभेदार पिलाताने वधस्तंभावर लावलेला 'नासोरी येशू, यहूद्यांचा राजा' हा फलक इब्री, रोमी (लॅटिन) आणि हेल्लेणी (ग्रीक) अशा तीन भाषांत होता. त्याने तो टोमणा म्हणून लिहिला, मुख्य याजकांनी बदलायला सांगितले, त्याने बदलला नाही, आणि या राजाची घोषणा तिन्ही भाषांत लागली. आपल्याकडे गुड फ्रायडेसाठी तोच फलक मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये करा, दोन फूट बाय एक फूट, तिन्ही ओळींची अक्षरे सारख्याच उंचीची. मराठी मोठी आणि बाकीच्या खाली बारीक, असे करू नका. तेलुगू आणि कन्नड अक्षरे दुरून सारखी वाटतात, म्हणून रंगवणाऱ्याला छापील नमुना द्या आणि ती भाषा वाचणाऱ्याकडून रंगवण्याआधी तपासून घ्या. गुरुवारी योहान १३ तीनदा वाचायची गरज नाही: १-५ एका भाषेत, ६-११ दुसऱ्या, १२-१७ तिसऱ्या. बाकीचे आपापल्या बायबलात पाहतील.

---

पाट_परात

नवे घ्या, पण लगेच वापरू नका. चाटी गल्लीत डझनावर मिळतील. सुताला खळ असते आणि वर मऊपणासाठी फिनिशिंग केलेले असते, त्यामुळे कोरा टेरी पाणी शोषत नाही, पायावरून नुसता सरकतो आणि बोटांत तंतू सोडतो. दोनदा साध्या पाण्यात धुवा, साबण थोडा, सॉफ्टनर अजिबात नको, आणि उन्हात वाळवा. गडद रंग पहिल्या धुण्यात उतरतो, म्हणून पांढरे किंवा फिकट घ्या. बारा लागतात, पंधरा आणा. कारखान्यात काम करणारी तुमची मुले हे माझ्यापेक्षा चांगले सांगतील, खरेदीचे त्यांच्यावरच सोपवा. आणि वापरलेले नॅपकिन नंतर कोणी धुवायचे तेही आत्ताच ठरवा. ते महिला मंडळाकडे गेले तर गुरुवार वाया गेला. ज्यांनी पाय धुतले त्यांनीच शनिवारी धुवावेत.